कोटेशनच्या खालच्या ओळी

प्रश्न

कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. यजमानांच्या नावावरची 2013 ची छोटी गाडी आता सारखी गॅरेजला जाऊ लागली, म्हणून दसऱ्याला नवी पेट्रोल गाडी घ्यायचं घरात ठरलं आहे. हप्ते ताईंच्या पगारातून जाणार आहेत आणि गाडी आपल्याच नावावर असावी अशी त्यांची इच्छा आहे. 8 लाख 60 हजार एक्स-शोरूम किमतीच्या गाडीचं ऑन-रोड, म्हणजे रस्ता कर, विमा सगळं धरून, कोटेशन 10 लाख 69 हजार 500 रुपयांचं निघालं. ‘आज बुक केलंत तर 15 हजार कमी करतो, पण विमा आणि कर्ज आमच्याकडूनच घ्या,’ असं शोरूममध्ये सांगितलं गेलं. जुन्या गाडीचे ते 1 लाख 10 हजार देतायत, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो 1 लाख 45 हजार सहज येतील. धाकट्या दिरांच्या मते पुण्यातल्या त्यांच्या मित्राकडे हीच गाडी 40 हजारांनी स्वस्त मिळेल. सासूबाईंना दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नाही. ताई लिहितात, ‘मला भाव करता येत नाही. भाजी घेतानाही मी सांगतील तेवढे देते. आमच्या ह्यांचाही स्वभाव भिडस्त. त्या मुलाने चहा पाजला, दोन तास गाडी दाखवली, आता त्याला कमी कर म्हणायची लाज वाटते. दिरांनाच पुढे करू का?’

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शोरूममध्ये भाव करायचा म्हणजे कुणीतरी आवाज चढवून, ताणून धरून, उठून जाण्याचं नाटक करून पैसे कमी करून घ्यायचे. ते जमत नाही म्हणून तुम्ही स्वतःला बाजूला काढताय आणि दिरांना पुढे करायचा विचार करताय. मला वाटतं, या व्यवहाराला तुमच्याइतकं योग्य माणूस घरात दुसरं नसेल. उत्तरपत्रिका तपासताना तुम्ही ओळ न् ओळ वाचता, बेरीज ताडून बघता. इथेही तेवढंच करायचं आहे.

सराफाच्या दुकानात आपण सोन्याच्या दरावर हुज्जत घालत नाही, तो फळ्यावर लिहिलेला असतो. बोलणं होतं ते मजुरीवर. गाडीचंही तसंच आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, जीएसटी त्यातच असतो. त्या किमतीत विक्रेत्याचा हिस्सा साधारण तीन ते पाच टक्के, आणि त्यातूनच शोरूमचं भाडं, पगार, कर्जाचं व्याज भागायचं असतं. म्हणून एक्स-शोरूममधून लाखभर कमी करा म्हणण्यात अर्थ नसतो. विक्रेत्याची खरी कमाई विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि जुनी गाडी यांवर होते. तुमचा पैसाही तिथेच वाचणार आहे.

तुम्ही कोटेशनचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. आपण तो एकेक ओळ घेऊन वाचू.

दुसरी ओळ आहे ‘आरटीओ 1,06,000’. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर आहे. 8 लाख 60 हजारांवर तो होतो 94 हजार 600. नोंदणीचे 600, कर्जाचा बोजा चढवण्याचे 1,500, स्मार्ट कार्डचे 200. बाकी किरकोळ उपकर आणि टपाल धरलं तरी हा आकडा 1 लाखाच्या आत राहतो. वरचे साताठ हजार कशाचे, हे विचारा. उत्तर बहुधा ‘एजंटचा खर्च, मॅडम’ असं येईल. कोऱ्या खासगी गाडीची नोंदणी आता विक्रेत्याकडूनच ऑनलाइन होते, कर ऑनलाइन भरला जातो आणि त्याची सरकारी पावती निघते. त्यामुळे तुमचं म्हणणं साधं ठेवा: ‘पावतीवर जेवढे असतील तेवढे मी देते.’ एवढ्या वाक्यावर कुणाला रागावता येत नाही.

मग ‘लॉजिस्टिक्स व हँडलिंग 8,500’. याला नाही म्हणा, आणि ठामपणे म्हणा. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा, ती धुऊन पुसून उभी करण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. ही एकच ओळ अशी आहे की जिथे मी तडजोड सुचवणार नाही.

‘एसेन्शियल किट 18,900’ या ओळीच्या खाली बारीक अक्षरात यादी आहे: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर, दारांची बीडिंग, सुगंधी डबी, टिश्यू बॉक्स. यातलं मॅट आणि सीट कव्हर तुम्हाला लागेल. तुमच्याच गावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारून या, चांगल्या प्रतीचं पाच-सहा हजारांत होईल. शोरूममध्येच हवं असेल तर संपूर्ण किट न घेता सुटे निवडा. वायरिंगला हात लावावा लागेल अशी वस्तू, म्हणजे म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, जादा दिवे, मात्र शोरूमकडूनच बसवून घ्या. बाहेर तार कापली गेली तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. ‘पेंट प्रोटेक्शन 9,000’ ही ओळ मी सरळ काढून टाकली असती. ‘फास्टॅग 600’ राहू द्या, नव्या चारचाकीला तो लागतोच. वाढीव वॉरंटीचे 14,500 वाईट नाहीत, गाडी आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर मी ती घेण्याच्या बाजूची आहे. पण बहुतेक कंपन्या ती मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही देतात, उशीर केला तर थोडी महाग पडते इतकंच. तेव्हा घेणार असाल तर आज कमी करून मागा, आणि नसेल जमत तर पुढच्या वर्षावर टाका.

आता विमा, 52 हजार. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी रक्कम इथे आहे आणि धाकही इथेच दाखवला जातो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा, सक्तीचा आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो नियम आला. त्याचा हप्ता सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो, त्यात घासाघीस नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्यावर चढवलेल्या जादा कव्हरांत. हा भाग एकेका वर्षाचा घेता येतो. विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क पूर्णपणे ग्राहकाचा आहे आणि बाहेरून घेतला म्हणून गाडीची डिलिव्हरी अडवता येत नाही.

तरीही माझा सल्ला ‘बाहेरूनच घ्या’ असा नाही. बाहेरून कोटेशन काढा. दोन-तीन विमा कंपन्यांच्या संकेतस्थळावर जाऊन, गाडीचं विमामूल्य तेवढंच ठेवून (नव्या गाडीला ते एक्स-शोरूमच्या 95 टक्के असतं, तुमच्या बाबतीत 8 लाख 17 हजार), आणि शून्य घसारा (सुटे भाग जुने झाले म्हणून भरपाई न कापणारं), इंजिन संरक्षण ही कव्हरं तीच निवडून. बहुतेक वेळा शोरूमपेक्षा 12-15 हजारांनी कमी आकडा दिसतो. तो छापून न्या आणि म्हणा, ‘एवढ्यात बसवलंत तर तुमच्याकडूनच घेते.’ शोरूमकडच्या विम्यात एक सोय असते, अपघातानंतर त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस काम लवकर मार्गी लागतं. बरेचदा ते बाहेरच्या आकड्याच्या जवळ येतात. आले नाहीत, आणि ‘विमा बाहेरून घेतलात तर 15 हजारांची सूट नाही’ म्हणाले, तर चिडायचं कारण नाही. दोन्ही बेरजा शेजारी मांडा. विम्यात 14 हजार वाचणार आणि सूट 15 हजारांची जाणार असेल तर त्यांचाच विमा परवडला. फक्त एवढं विचारून घ्या की ही सूट गाडीच्या कंपनीची आहे की शोरूमची. कंपनीने जाहीर केलेली सवलत सगळ्या ग्राहकांसाठी असते, ती विम्याला बांधायचा शोरूमला काही संबंध नाही. शोरूम पदरची सूट देत असेल तर तिला अट घालणं त्यांच्या हातात आहे.

विम्यावरून आणखी एक मुद्दा, तो घरात चर्चेला येईल म्हणून आधीच सांगते. जुन्या गाडीवर बरीच वर्षं क्लेम नाही असं तुम्ही लिहिलंय. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सवलत, 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि तो नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. पण हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी यजमानांच्या नावावर आहे, म्हणजे नवी तुमच्या नावावर घेतली तर तो मिळणार नाही. कुणीतरी म्हणेल, मग ह्यांच्याच नावावर घेऊ, काही हजार वाचतील. ताई, ते वाचू देऊ नका. हप्ता सात तारखेला तुमच्या खात्यातून जाणार, गाडी शाळेला तुम्ही नेणार, तर आरसी बुकावर तुमचंच नाव असू दे. एका वर्षाच्या सवलतीसाठी ते सोडण्यासारखं नाही. यजमानांनी विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मात्र घेऊन ठेवावं, ते तीन वर्षं चालतं.

कर्जाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘त्यांनी विचारलं, महिन्याला किती झेपेल? मी बारा-तेरा हजार म्हटलं, त्यांनी बसवून दिलं.’ हा प्रश्न आपल्या काळजीपोटी विचारल्यासारखा वाटतो. पण त्याला हप्त्याचा आकडा सांगून टाकला की एकूण किमतीकडे कुणाचंच लक्ष राहत नाही, आपलंही. 8 लाख, 9 टक्क्यांनी, सात वर्षं: हप्ता 12 हजार 871. पाच वर्षं: 16 हजार 607. सात वर्षांत व्याज जातं सुमारे 2 लाख 81 हजार, पाच वर्षांत सुमारे 1 लाख 96 हजार. म्हणजे 15 हजारांच्या सुटीसाठी आपण जीव टाकतो आणि 85 हजार मुदतीत घालवतो. पाच वर्षांचा हप्ता खरंच झेपत नसेल तर सात घ्या, त्यात कमीपणा नाही. पण जुन्या गाडीचे पैसे कर्जाच्या रकमेतून वजा करून, कमी कर्ज आणि कमी मुदत असं जमतंय का ते आधी बघा.

तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे जा. पगार खात्यावर दर बरा मिळतो, काही बँका महिला कर्जदारांना थोडी सवलतही देतात. बँक आणि शोरूम, दोन्हीकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक केलं आहे, आणि त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती पडतो ते एका आकड्यात लिहिलेलं असतं. कर्ज फिरत्या (मध्येच बदलू शकणाऱ्या) दराचं आहे की स्थिर, हेही विचारा. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेलं, व्यवसायासाठी नसलेलं फिरत्या दराचं कर्ज एखाद्या व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही. स्थिर दराच्या कर्जाला असू शकतो.

जुनी गाडी आणि नवी गाडी, हे दोन व्यवहार एकत्र होऊ देऊ नका. एकीकडे ‘एक्स्चेंज बोनस 20 हजार’ दाखवायचा आणि दुसरीकडे गाडीचीच किंमत 35 हजारांनी पाडायची, हे सर्रास चालतं. आधी नव्या गाडीची अंतिम रक्कम लेखी घ्या, एक्स्चेंजचा विषय न काढता. मग जुनीची किंमत विचारा, बोनससकट. 1 लाख 30 हजार होत असतील आणि बाहेर 1 लाख 45 हजार खात्रीने मिळत असतील, तर 15 हजारांसाठी खटपट करायची का हे तुमच्या सवडीवर आहे. मला तरी ती करावीशी वाटेल. फक्त बाहेर विकताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला कागद हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाली का याचा पाठपुरावा करा. नाहीतर उद्याचं चलान यजमानांच्या नावावर येईल.

तुम्ही शिक्षिका आहात हे शोरूममध्ये सांगितलंत का? बऱ्याच कंपन्या सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांना वेगळी सवलत देतात. ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि विचारल्याशिवाय ती कुणी आपणहून देईलच असं नाही.

आता दीर. त्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण ओळखीतून गाडी स्वस्त मिळते हे तपासल्याशिवाय खरं मानू नका. ओळखीच्या माणसाला ‘हे आठ हजार कशाचे?’ असं विचारता येत नाही, भीड भिकेची बहीण म्हणतात ती इथे. त्यांना सांगा, ‘भाऊजी, तुमच्या मित्राकडून हेच मॉडेल, हेच व्हेरियंट, हाच रंग, सगळ्या ओळींसकट कोटेशन आणा.’ नुसतं ‘40 हजार कमी’ हे तोंडी ऐकून पुण्याला जाऊ नका. लेखी आलं तर उत्तमच, तो कागद तुम्ही कराडला दाखवू शकता. सातारा आणि कोल्हापूरच्या शोरूमकडूनही एकेक मागवा, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर देतात. राज्य तेच असल्याने रस्ता करात फरक पडत नाही, आणि सर्व्हिसिंग कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला होतं. आणि कुणी दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीच्या किमतीशी तुलना करत असेल तर ती बाजूला ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकरावरून 18 टक्क्यांवर आला, त्याआधीचे आकडे आता लागू पडत नाहीत.

मुहूर्ताचं म्हणाल तर सासूबाईंचं मन मोडू नका, त्याची गरजही नाही. पितृपक्षात आपल्याकडे नवी वस्तू घेत नाहीत, त्यामुळे त्या पंधरवड्यात शोरूम ओस असतात आणि विक्रीच्या मुलांना बोलायला निवांत वेळ असतो. कोटेशनं मागवायला, आकडे जुळवायला, बँकेत जायला मुहूर्त लागत नाही. ते सगळं तेव्हा उरका, बुकिंगचे पैसे घटस्थापनेला भरा आणि गाडी दसऱ्याला आणा. सप्टेंबरअखेर तिमाहीही संपते, विक्रीचं टार्गेट तेव्हा डोक्यावर असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव करायला गेलात तर मात्र काही मिळणार नाही, त्या दिवशी रांग त्यांच्या दारात असते. ‘आजच बुक करा’ याला तुमचं उत्तर: ‘कोटेशन ईमेल करा, घरी बोलून कळवते.’ आजची सूट उद्या मिळत नाही असं क्वचित होतं. अपवाद एकच, ज्या मॉडेलला महिनोन्महिने वेटिंग आहे त्याला सूट नसते. तसं असेल तर तुम्ही फक्त खालच्या ओळी तपासा.

राहिला तो चहा पाजणारा मुलगा. तुम्हाला त्याचं वाईट वाटतं हे मला आवडलं. पण हँडलिंगचे 8,500 त्याच्या खिशात जात नाहीत. त्याला हवी असते महिन्याच्या यादीत एक पक्की गाडी. त्याला खुलेपणाने सांगा: ‘गाडी तुझ्याकडूनच घ्यायची आहे. एवढ्या चार ओळी मॅनेजरांकडून दुरुस्त करून आण, मी लगेच बुक करते.’ असं स्पष्ट गिऱ्हाईक त्यालाही परवडतं. ही बोलणी मंगळवार-बुधवारी दुपारी, गर्दी नसताना करा, आणि यजमानांना सोबत न्या. बोलायला नको, शेजारी बसून आकडे लिहून घ्यायला.

मी ढोबळ हिशेब केला: आरटीओ, हँडलिंग, पेंट, किट आणि विमा मिळून 45 ते 50 हजार, एक्स-शोरूमला हात न लावता. शिक्षकांची सवलत मिळाली तर ती वेगळी.

ज्या वाचकांची गाडी 10 लाखांच्या वर जाते त्यांच्यासाठी: तिथे रस्ता कर पेट्रोलला 12 टक्क्यांपासून सुरू होतो, डिझेलला त्याहून जास्त, आणि 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर, लागतो. हा टीसीएस गेलेला पैसा नव्हे, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना परत मिळतो किंवा करात वळता होतो. त्याची नोंद झाली का ते बघा.

बुकिंगच्या वेळी ठरलेली प्रत्येक गोष्ट, सूट, फुकट दिलेलं मॅट, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास किती परत, बुकिंग फॉर्मवर लिहून शिक्क्यासह घ्या. पैसे शोरूमच्या खात्यातच भरा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. आणि उरलेली रक्कम भरण्याआधी, नोंदणी होण्याआधी, तुमची गाडी गोदामात जाऊन बघा. चासी नंबर लिहून घ्या आणि तोच बिलावर येईल असं सांगा. फॉर्म 22, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, त्यावर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा-आठ महिने उभी असलेली गाडी निघाली तर दुसरी मागा, नाहीतर त्यासाठी वेगळी सूट. हे सगळं दिवसाउजेडी करा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली रंगावरचे ओरखडे दिसत नाहीत. इतकं करूनही कुणी अडवलं, विम्याची सक्ती केली, पावती नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तक्रार मराठीत नोंदवता येते, आणि सोबत जोडायला तुमच्याकडे सगळे कागद असतील.